मोत्याचें मोल

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत दोन अगदीं लहान दृष्टांत एकापुढें एक आले आहेत. पहिल्यांत एका माणसाला शेतांत पुरलेलें धन सांपडतें. तो तें पुन्हां झांकून ठेवतो, आनंदाच्या भरांत घरीं जातो, असेल नसेल तें विकतो आणि तें शेतच खरेदी करतो. दुसऱ्यांतील माणूस मोत्यांचा व्यापारी आहे. चांगल्या मोत्यांच्या शोधांत हिंडतां हिंडतां त्याच्या दृष्टीस एकच अतिमोलाचा मोती पडतो, आणि तोहि सर्वस्व विकून तेवढा एक मोती घेतो. स्वर्गाचें राज्य ह्यासारखें आहे, असें येशूनें शिष्यांना सांगितलें. दृष्टांत तेथेंच संपतात. सर्वस्व विकल्यावर त्या व्यापाऱ्यानें रात्रीं जेवावयास काय आणलें, त्याची बायकोमुलें काय म्हणालीं, ह्याविषयीं एक अक्षर नाहीं. तें अक्षर पुढें इतिहासानें लिहिलें, आणि त्यांतील एक पान तर एका बावीस वर्षांच्या आईच्या हातचें आहे.

मोत्याचा दाखला त्या काळच्या श्रोत्यांना किती झोंबला असेल, हें आज सहज लक्षांत येत नाहीं. रोमन साम्राज्यांत मोती ही सर्व मूल्यवान वस्तूंत अग्रगण्य वस्तु होती. तसें प्लिनी आपल्या सृष्टिवर्णनाच्या ग्रंथांत स्पष्ट म्हणतो. ज्यूलियस सीझरनें सर्व्हिलिया नांवाच्या स्त्रीस साठ लक्ष सेस्टर्स किंमतीचा एक मोती नजर केला, असें स्वेटोनियस सांगतो. साध्या शिपायाचा वार्षिक पगार त्या सुमारास नऊशें सेस्टर्स होता. म्हणजे एका मोत्यांत एका संपूर्ण सैन्यदलाचें वर्षाचें वेतन मावत होतें! उत्तम मोती येत ते पूर्वेकडून, इराणी आखातांतून आणि पांड्यांच्या ताब्यांतील तामिळ किनाऱ्यावरून. हिंदुस्थान, चीन व अरबस्थान मिळून साम्राज्याचे दहा कोटि सेस्टर्स दरसाल ओढून नेतात, अशी प्लिनीची तक्रार आहे. तेव्हां गालीलांतील कोळ्यांना मोत्याची गोष्ट सांगणें म्हणजे त्यांनीं कधीं न पाहिलेल्या, पण ज्याच्या नांवानें डोळे विस्फारतात अशा वस्तूची गोष्ट सांगणें होतें.

आणि ‘राज्य’ हा शब्दहि त्या प्रांतांत निरुपद्रवी नव्हता. मूळ ग्रीक शब्दाचा रोख भूमीपेक्षां सत्तेकडे अधिक आहे. देवाचें राज्य म्हणजे नकाशावरील एखादा मुलूख नव्हे, देव जेथें राजा म्हणून चालतो ती अवस्था. मत्तय बहुधा ‘देवाचें’ न म्हणतां ‘स्वर्गाचें’ म्हणतो, कारण देवाचें नांव उठतांबसतां उच्चारूं नये असा यहुदी संकोच होता. परंतु नांव कोणतेंहि घ्या, प्रश्न उरे तो हाच, कीं मग कैसराचें काय? इ. स. ६ मध्यें रोमनांनीं यहुदा प्रांतांत करासाठीं शिरगणति केली, तेव्हां देवावांचून दुसरा धनी नाहीं असें म्हणून गालीलच्या यहूदा नामक पुढाऱ्यानें बंड उभारलें होतें. येशूनें तरवारीचा मार्ग घेतला नाहीं. तरीहि त्याच्या वधस्तंभावर जो आरोप लिहिला गेला तो राजेपणाचाच होता.

पुढें हा पंथ साम्राज्यभर पसरला तसा हा प्रश्न दर ठिकाणच्या न्यायासनापुढें आला. रोमन अधिकाऱ्यांची बाजू येथें नीट समजून घेतली पाहिजे. ते सर्वच क्रूर नव्हते. इ. स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी आशियांतील आपल्या प्रांतांतून सम्राट् त्राजान ह्यास विचारतो, कीं ह्या लोकांचें करावें काय? आरोपीनें देवांची प्रार्थना केली, सम्राटाच्या प्रतिमेपुढें ऊद व मद्य वाहिलें आणि ख्रिस्ताला शिव्या दिल्या, कीं तो त्यास सोडून देई. त्राजाननें उत्तर धाडलें, कीं मुद्दाम शोध करूं नये. पण आरोप सिद्ध होऊन आरोपी हट्ट धरील तर शिक्षा द्यावी. म्हणजे मागणी होती चिमूटभर उदाची. राज्याच्या व राजाच्या कल्याणासाठीं प्रत्येक नागरिकानें जें करावें, तें ह्यांनीं कां करूं नये, हें कोणाहि प्रतिष्ठित रोमन गृहस्थास कळत नसे. आणि ख्रिस्ती माणसाची अडचण त्याच चिमटींत होती. बाजारांत कर द्यावयास, सैनिकाला वाट द्यावयास, सम्राटासाठीं आपल्या देवाची प्रार्थना करावयास तो तयार असे; सम्राटाला देवाच्या जागीं बसवावयास मात्र नाहीं.

उत्तर आफ्रिकेंत हें प्रथम लेखी नमूद झालें तें इ. स. १८० च्या जुलैच्या १७ तारखेस. सिलियम नांवाच्या खेड्यांतील बारा माणसें, सात पुरुष व पांच स्त्रिया, कार्थेज येथें प्रांताधिपति सातुर्निनस ह्याच्यापुढें उभीं केलीं गेलीं. त्या चौकशीचा लॅटिन वृत्तांत फार थोडक्यांत, दप्तरी वळणाचा आहे. त्यांचा पुढारी स्पेरातस सांगतो, कीं आपण विकत घेतलेल्या मालावर कर देतों, कारण आपला धनी सर्व राजांचा राजा आहे. पण ह्या जगाचें साम्राज्य हें अखेरचें साम्राज्य असें आपण मानीत नाहीं. दोनाता नांवाची एक बाई म्हणते, सीझरला सीझर म्हणून मान, भय मात्र देवाचें. विचार करावयास तीस दिवस देतों, असें अधिपतीनें सुचविलें. इतक्या सरळ गोष्टींत विचार कसला, असें उत्तर मिळालें. त्याच दिवशीं त्यांचीं शिरें उतरविलीं गेलीं. त्यांच्या पेटींत काय आहे असें विचारलें असतां, पुस्तकें आणि पौल नांवाच्या एका न्यायी पुरुषाचीं पत्रें, असें त्यांनीं सांगितल्याचीहि नोंद आहे. खेडवळांच्या त्या पेटीचें मोल एखाद्या इतिहासकाराला मोत्याहून कमी वाटणार नाहीं.

तेवीस वर्षांनीं त्याच शहरांत ज्या पांच-सहा जणांना धरलें, त्यांत विबिया पर्पेतुआ होती. ती कुलीन घराण्यांतील, उत्तम शिकलेली, रीतसर विवाहित अशी स्त्री. आईबाप हयात, दोन भाऊ, आणि पदरीं अंगावर पिणारा मुलगा. तिच्याबरोबर सातुर्निनस व सेकुन्दुलस हे दोघे तरुण होते, आणि रेव्होकातस व फेलिसितास हीं दोघें दास होतीं. फेलिसितास गरोदर होती. हे सारे अद्याप धर्मशिक्षण घेत होते. बाप्तिस्मा त्यांना पहाऱ्यांत असतांनाच मिळाला. त्यांचा शिक्षक सातुरस धरपकडीच्या वेळीं हजर नव्हता. तो मागाहून आपण होऊन त्यांना येऊन मिळाला.

तुरुंगांत पर्पेतुआनें स्वतःच्या हातानें आपली हकीकत लिहून ठेवली. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचें इतकें जुनें लेखन फारच थोडें उपलब्ध आहे. तिच्या मृत्यूनंतर कोणा अज्ञात संपादकानें तिला आरंभ व शेवट जोडला. हा संपादक तेर्तुल्लियन असावा असें पूर्वीं पुष्कळांस वाटे, आतां बहुतेक विद्वान् तसें मानीत नाहींत. पण मधला भाग तिचा आहे ह्याविषयीं शंका घ्यावयास फारसें कारण नाहीं. त्याची भाषाच तें सांगते. तींत अलंकार नाहीं, उपदेश नाहीं. कोंदट अंधार, माणसांची दाटी, शिपायांची पैशासाठीं धमकावणी आणि ह्या सर्वांहून जाचणारी मुलाची काळजी, एवढेंच ती लिहिते. दोन धर्मसेवकांनीं पहारेकऱ्यांना पैसे चारून कैद्यांना दिवसांतून कांहीं तास बऱ्या जागीं बसण्याची सोय केली. तेथें तिनें भुकेनें मरगळलेल्या बाळाला पाजलें. पुढें त्याला आपल्याजवळ ठेवून घेण्याची परवानगी तिनें मिळविली, आणि त्या क्षणापासून तो तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटूं लागला; दुसरीकडे कोठें जावें असें वाटेना.

ह्या हकीकतींत राजाधिकारी येतो तो एकदांच. बाप येतो चार वेळां.

पहिल्या भेटींत तो मुलीची समजूत घालूं पाहतो. ती समोर पडलेल्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारते, कीं ह्याला भांडें ह्यावांचून दुसरें नांव देतां येईल काय? नाहीं, असें तो म्हणतो. तर मग मी ख्रिस्ती आहें, मलाहि दुसरें नांव घेतां येत नाहीं, असा तिचा युक्तिवाद. तो संतापून, जणूं तिचे डोळेच उपटावे अशा आवेशानें धांवतो. चौकशीची वार्ता पसरल्यावर तो दुसऱ्यांदा येतो, आणि आतां त्याचा सूर पालटलेला असतो. पिकल्या केसांकडे पहा, सर्व भावांहून तुला अधिक मानलें तें आठव, आईकडे, मावशीकडे पहा, तुझ्यामागें न जगणाऱ्या ह्या लेंकराकडे पहा, अशी काकुळति तो करतो. तिचे हात चुंबतो, तिच्या पायांवर पडतो, आणि तिला मुलगी न म्हणतां ‘बाईसाहेब’ म्हणून हांक मारतो.

हा प्रसंग रोमन कायद्याच्या उजेडांत पाहिला पाहिजे. त्या समाजांत कुटुंबपित्याचा अधिकार जवळ जवळ राजाचा होता. मुलांच्या जीविताविषयींचा प्राचीन हक्कहि त्याला कागदोपत्रीं होता. तो राजा आपल्या लेंकीच्या पायांशीं येऊन बसला. पर्पेतुआला त्याचा राग येत नाहीं. घरच्या सर्व माणसांत आपल्या मरणानें आनंद न होणारा हा एकटाच, म्हणून तिला त्याची कींव येते. आणि न्यायासनापुढें देवाच्या मर्जीस येईल तेंच होईल, एवढेंच ती त्याला सांगूं शकते. तो खिन्न होऊन निघून जातो. येथें वाचकाला तिची बाजू कितीहि पटो, म्हाताऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीवरून दृष्टि हलत नाहीं. तिचीहि हलली नाहीं, म्हणून तर तिनें हें लिहिलें.

चौकशी भर चौकांत झाली. प्रांताधिपति नुकताच मरण पावल्यामुळें त्याच्या जागीं हिलारियान हा वसुलाचा अधिकारी न्यायासनावर होता. बाप मुलाला कडेवर घेऊन तिच्यापुढें आला आणि तिला पायरीवरून खालीं ओढूं लागला. बापाच्या पिकल्या केसांची दया कर, मुलाच्या कोंवळ्या वयाची दया कर, सम्राटांच्या कल्याणासाठीं बलि अर्पण कर, असें हिलारियानहि म्हणाला. तिनें नकार दिला. ख्रिस्ती आहेस काय, असें त्यानें विचारलें. तिनें होय म्हटलें. बाप तरीहि मागें हटेना, तेव्हां अधिकाऱ्याच्या हुकमावरून त्याला खालीं लोटून छडी मारण्यांत आली. तो घाव आपल्याच अंगावर बसल्यासारखा तिला लागला. मग सर्वांना श्वापदांच्या तोंडीं देण्याची शिक्षा झाली, आणि तीं सारीं हर्षानें तुरुंगाकडे परतलीं. हर्षासाठीं तिनें योजलेला लॅटिन शब्द आणि न्यायाधीशाचें नांव हीं एकाच धातूपासून निघालेलीं आहेत. हें तिच्या लक्षांत आलें असेल कीं नाहीं कोण जाणे, परंतु लॅटिन जाणणाऱ्याला तेथें अडखळल्यावांचून राहवत नाहीं.

दृष्टांतांतील शेतकरीहि सर्वस्व विकावयास आनंदानेंच निघाला होता. मात्र शेत विकणें वेगळें आणि मूल सोडणें वेगळें. परत आल्यावर तिनें बाळाला आणावयास धर्मसेवकाला धाडलें, तेव्हां आजोबानें तें देण्याचें नाकारलें. त्यानंतर मुलानें अंगावर पिण्याचा हट्ट केला नाहीं, आणि आपलाहि ऊर भरून दुखला नाहीं, ह्यांत देवाची कृपा दिसली, असें ती लिहिते. ह्या एका वाक्याइतका जड शब्द साऱ्या वृत्तांतांत नाहीं. पुढील काळच्या भक्तांनीं तिच्या अंगीं दगडाचें धैर्य कल्पिलें; तिच्या लेखांत तसें कांहीं आढळत नाहीं. मोत्याची किंमत तिनें पैपैनें मोजून दिली, आणि देतांना आंकडा वाचून दाखविला. तिच्या नवऱ्याचा उल्लेख मात्र एकदांहि येत नाहीं, आणि ह्यावर विद्वानांनीं कित्येक पानें खर्च केलीं आहेत.

ज्या राज्यासाठीं हें सर्व चाललें होतें, तें तिनें स्वप्नांत पाहिलें. स्वर्गाला टेकलेली एक अरुंद कांशाची शिडी, तिच्या दोन्ही बाजूंस तरवारी, भाले व आंकडे, आणि पायथ्याशीं एक अजगर. सातुरस आधीं चढून जातो. ती अजगराच्या मस्तकावर पहिल्या पायरीसारखा पाय देऊन वर जाते. वर सिंहासन नाहीं, दरबार नाहीं. एक विस्तीर्ण बाग आहे, आणि पांढऱ्या केसांचा एक उंच पुरुष मेंढपाळाच्या वेषांत मेंढ्यांचें दूध काढीत बसला आहे. तो तिला ‘बाळ’ म्हणून जवळ बोलावतो आणि त्या दुधाच्या पनिराचा एक घांस देतो. ती जागी होते तेव्हां तोंडांत कसलीशी गोडी घोळत असते. सम्राटाच्या राज्याशीं जिचा झगडा चालला होता तिला देवाचें राज्य दिसलें तें असें, दूध देणाऱ्या वृद्धाच्या रूपानें. तुरुंगांत लेंकराला पाजीत बसलेल्या आईला तें दुसरें कसें दिसावें? आणि बाहेर ज्याचे पिकले केस तिला परत बोलावीत होते, त्याचीच कांहीं छाया त्या मेंढपाळावर पडली नसेल असें म्हणवत नाहीं.

फेलिसितासची काळजी निराळी होती. गर्भवती स्त्रीस देहांत शासन देऊं नये असा कायदा असल्यामुळें आपण मागें राहूं आणि पुढें कोणा खऱ्या गुन्हेगारांबरोबर मारले जाऊं, ह्या भीतीनें ती व्याकुळ झाली होती. सोबत्यांनीं प्रार्थना केली आणि आठव्या महिन्यांतच ती प्रसूत झाली. वेणांनीं ती कण्हूं लागली तेव्हां एक पहारेकरी म्हणाला, आतांच अशी रडतेस, मग श्वापदांपुढें काय करशील? तिनें सांगितलें, कीं आजचें दुःख माझें मी सोसतें. तेथें माझ्यासाठीं सोसणारा दुसरा माझ्या ठायीं असेल. तिला मुलगी झाली. कोणा भगिनीनें ती आपली म्हणून वाढविली.

तारीख ७ मार्च २०३. सम्राट् सेव्हेरसचा मुलगा गेटा ह्याच्या वाढदिवसाचे खेळ होते. पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचा आणि स्त्रियांना सीरीझ देवीच्या पुजारिणींचा वेष चढविण्याचा घाट दरवाजाशीं घालण्यांत आला. पर्पेतुआनें तें मानलें नाहीं. ह्याच गोष्टी कराव्या लागूं नयेत म्हणून तर आम्हीं जीव देऊं केला, तुमच्याशीं तोच करार आहे, असें ती म्हणाली, आणि त्या सैनिकी अधिकाऱ्याला तें पटलें. ती गात गात आंत शिरली. स्त्रियांवर एक मस्तवाल गाय सोडली होती. एक नाजूक मुलगी आणि दुसरी नुकतीच बाळंत झालेली पाहून प्रेक्षकांनाहि शहारे आले, म्हणून त्यांना परत नेऊन अंगभर वस्त्रें दिलीं गेलीं. गाईनें उडवून दिल्यावर पर्पेतुआनें आधीं फाटलेलें वस्त्र सांवरलें, मग केसांची पिन मागून घेऊन केस बांधले, कारण मोकळे केस हें सुतकाचें लक्षण. नंतर पडलेल्या फेलिसितासला हात देऊन तिनें उठविलें. कुलीन स्त्री आणि दासी त्या वाळूंत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. अखेरीस तरवारीचा प्रसंग आला. नवशिक्या मल्लाचा पहिला वार हाडावर बसून ती किंचाळली, आणि मग त्याचा थरथरता हात तिनें स्वतःच आपल्या गळ्याशीं नेला.

सर्वच ख्रिस्ती लोकांनीं हा सौदा असा पुरा केला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. इ. स. २५० मध्यें डेशियस बादशहानें साम्राज्यांतील सर्वांनीं बलि अर्पण करून दाखला घ्यावा असा हुकूम सोडला, तेव्हां ह्याच कार्थेजांत पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं बलि तरी दिला किंवा लांच देऊन दाखला तरी मिळविला. असे चाळिसांहून अधिक दाखले ईजिप्तच्या वाळूंत सांपडले आहेत. त्यांपैकीं कोणते ख्रिस्ती लोकांचे तें ओळखण्याचें साधन नाहीं. संकट ओसरल्यावर हे लोक परत आले, आणि त्यांना पदरांत घ्यावें कीं नाहीं ह्यावर कार्थेजचा बिशप सिप्रियान ह्याला मोठा वाद सोडवावा लागला. तो स्वतः त्या वेळीं लपून राहिला होता, इ. स. २५८ मध्यें मात्र त्यानें मान पुढें केली. त्यानें दोषी ठरविलेल्यांना कायमचें बाहेर ठेवलें नाहीं, दीर्घ प्रायश्चित्तानंतर परत घेतलें.

इ. स. ३१३ नंतर छळ थांबला. पर्पेतुआची हकीकत आफ्रिकेच्या चर्चांतून तिच्या स्मृतिदिनीं वाचली जाऊं लागली, ती इतक्या आदरानें, कीं तिला शास्त्राची पदवी देऊं नका असें ऑगस्टीनला बजावावें लागलें. त्याच्या ह्या दिवसाच्या प्रवचनांत दोघींच्या नांवांवर श्लेष आहे: पर्पेतुआ म्हणजे अखंड, फेलिसितास म्हणजे सुख. कार्थेज इ. स. ४३९ मध्यें व्हँडलांच्या आणि ६९८ मध्यें अरबांच्या हातीं गेलें. तिच्या वृत्तांताची लॅटिन प्रत सतराव्या शतकांत माँटे कासिनोच्या मठांतून आणि ग्रीक प्रत १८८९ मध्यें जेरुसलेमांतून उजेडांत आली.

रोमन मिस्सेच्या प्राचीन मुख्य प्रार्थनेंत मात्र दोघींचीं नांवें ह्या साऱ्या काळांत टिकून राहिलीं, आणि आतां मराठीसह अनेक भाषांत ती प्रार्थना म्हटली जाते. ती यादी जेथें पुरी वाचतात, तेथें दासी फेलिसितासचें नांव आधीं येतें आणि पर्पेतुआचें त्याच्या मागून.